अंगावर काढलेलं दुखणं: आफ्रिकन-अमेरिकन स्त्रिया आणि नैराश्याचा इतिहास



आज सुरुवात एका कोड्यापासून करू. २००१ ते २००३ या काळात अमेरिकेत एक मोठी पाहणी झाली. तिचं नाव 'नॅशनल सर्व्हे ऑफ अमेरिकन लाइफ'. कृष्णवर्णीय लोकांशी बोलून, त्यांच्या मनाच्या आरोग्याबद्दल इतक्या तपशिलात विचारपूस त्याआधी क्वचितच झाली होती. डेव्हिड विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्याबद्दलचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध केले. आयुष्यात कधी ना कधी तीव्र नैराश्य येऊन गेलेल्यांचं प्रमाण गोऱ्यांमध्ये १७.९ टक्के निघालं. आफ्रिकन-अमेरिकन लोकांमध्ये ते होतं १०.४ टक्के.

आता बघा, ज्यांच्या वाट्याला गुलामगिरी आली, वंशभेद आला, पिढ्यान्‌पिढ्यांची गरिबी आली, त्यांच्यात नैराश्य कमी? हे कसं?

त्याच निबंधात पुढे आणखी एक आकडा आहे. ज्यांना नैराश्य आलं, त्यांच्यापैकी किती जणांमध्ये ते दीर्घकाळ टिकून राहिलं? गोऱ्यांमध्ये ३८.६ टक्के, आफ्रिकन-अमेरिकनांमध्ये ५६.५ टक्के. आणि या आजारी आफ्रिकन-अमेरिकनांपैकी निम्म्याहून कमी लोकांना कुठलाही उपचार मिळाला होता. आजार कमी जणांना झाला, पण ज्यांना झाला त्यांच्या घरी त्यानं मुक्कामच ठोकला. हे आकडे स्त्री-पुरुष दोघांचे मिळून आहेत. जगात बहुतेक ठिकाणी दिसतं तसं इथेही नैराश्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त आहे.

आपल्याकडे यासाठी एक नेमका शब्दप्रयोग आहे, दुखणं अंगावर काढणं. ताप आहे, कंबर मोडली आहे, पण बाई उठते, कामाला लागते, आणि घरातले कौतुकानं म्हणतात, "फार सोशिक आहे हो!" हे कौतुक ऐकल्यावर डॉक्टरकडे जायचा विषय संपतो. आफ्रिकन-अमेरिकन स्त्रियांच्या नैराश्याचा इतिहास हा बराचसा असा अंगावर काढलेल्या दुखण्याचा इतिहास आहे. त्यांचा सोशिकपणा त्यांच्यावर लादला गेला. पुढे तो त्यांचा गुण ठरला. आणि अखेर त्याच गुणाचा दाखला देऊन त्यांच्याकडे दुर्लक्ष झालं. हे कसं घडलं, ते आज पाहू. या गोष्टीत अलाबामा राज्यातलं माँटगोमेरी हे शहर पुन्हा पुन्हा येईल, तेवढं लक्षात ठेवा.

आईचं दुःख आणि मालकाची वही

१६६२ साली व्हर्जिनिया वसाहतीत एक कायदा झाला. मूल गुलाम की स्वतंत्र, हे आईवरून ठरेल, असं त्यात म्हटलं होतं. इंग्रजी परंपरेत मुलाचा दर्जा बापावरून ठरत असे. इथे मुद्दाम उलट केलं गेलं. परिणाम असा, की गुलाम स्त्रीवर मालकानं बळजबरी केली आणि मूल झालं, तर ते मूल मालकाची मालमत्ता ठरलं. १८०८ पासून आफ्रिकेतून गुलाम आणायला अमेरिकेत बंदी आली. त्यानंतर देशात जन्मणाऱ्या गुलाम बाळांची किंमत आणखी वाढली. बाळंतपण ही मालकाच्या वहीतली जमेची बाजू झाली. मूल मोठं झालं की विकलं जायचं, कधी शेकडो मैल दूर. आईला निरोप द्यायला मिळेल याची खात्री नसे.

हे दुःख आतून सांगणारा एक दस्तऐवज आपल्याकडे आहे. हॅरिएट जेकब्स ही नॉर्थ कॅरोलायनातल्या ईडन्टन गावची गुलाम स्त्री. मालकाच्या छळातून सुटण्यासाठी ती आजीच्या घराच्या माळ्यावर लपली. तो माळा होता नऊ फूट लांब, सात फूट रुंद, आणि सर्वांत उंच जागी तीन फूट. तिथे तिनं जवळजवळ सात वर्षं काढली. भिंतीला पाडलेल्या बारीक भोकातून ती खाली खेळणारी आपली मुलं बघायची, पण त्यांना हाक मारू शकत नव्हती. पुढे ती उत्तरेत निसटली. १८६१ मध्ये तिचं आत्मकथन टोपणनावानं प्रसिद्ध झालं. त्यात शरीर आखडून जाण्याबद्दल आहे आणि मन काळवंडून जाण्याबद्दलही आहे. आज एखाद्या मानसोपचारतज्ज्ञानं ते वाचलं, तर त्याला नाव शोधत बसावं लागणार नाही.

पण त्या काळचं वैद्यकशास्त्र काय म्हणत होतं? गुलामांना वेड लागत नाही, ते निश्चिंत असतात, असा समज दक्षिणेत पसरलेला होता. १८४० च्या जनगणनेनं त्याला आकड्यांचा आधार दिला. उत्तरेतल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांमध्ये वेडाचं प्रमाण दक्षिणेतल्या गुलामांपेक्षा कितीतरी पट जास्त आहे, असं त्या जनगणनेत दिसलं. एडवर्ड जार्विस या डॉक्टरनं तपासणी केली, तेव्हा चकित करणारी गोष्ट निघाली. ज्या गावांत एकही कृष्णवर्णीय माणूस राहत नव्हता, तिथेही कृष्णवर्णीय वेडे नोंदलेले होते! जेम्स मॅक्यून स्मिथ या कृष्णवर्णीय डॉक्टरनंही हे आकडे खोडून काढले. तरीही १८४४ मध्ये परराष्ट्रमंत्री जॉन कॅल्हून यांनी गुलामगिरीच्या समर्थनासाठी हेच आकडे ब्रिटिश सरकारपुढे मांडले.

१८५१ मध्ये सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरनं तर नवा रोगच शोधला. गुलाम पळून जातो, ते का? त्याला 'ड्रेपटोमेनिया' झालेला असतो म्हणून! उपायांमध्ये चाबूक होताच. म्हणजे जेकब्ससारख्या स्त्रीनं सहन केलं, तर ती सुखी. सहन न होऊन पळाली, तर रोगी. तिच्या दुःखाला या शास्त्रात जागाच नव्हती.

माँटगोमेरी, १८४५

आता माँटगोमेरीत येऊ. जेम्स मॅरियन सिम्स नावाचा डॉक्टर १८४५ ते १८४९ या काळात तिथे शस्त्रक्रियेचे प्रयोग करत होता. अडलेल्या बाळंतपणात कधी कधी मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्या मधल्या पडद्याला भोक पडतं आणि लघवी सतत गळत राहते. हा आजार तेव्हा असाध्य मानला जाई. सिम्सनं त्यावर उपाय शोधला, पण ज्यांच्यावर शोधला त्या सगळ्या गुलाम स्त्रिया होत्या. त्यांच्या शरीराबद्दलचा निर्णय त्यांचे मालक घेत होते. अनार्का, बेट्सी आणि ल्यूसी ही तीन नावं सिम्सनं स्वतःच लिहून ठेवली, म्हणून आपल्याला माहीत आहेत. एकट्या अनार्कावर सुमारे तीस वेळा शस्त्रक्रिया झाली, भूल न देता. ईथरची भूल १८४६ मध्ये जाहीरपणे दाखवली गेली होती. त्यानंतरही या स्त्रियांना ती मिळाली नाही.

सिम्सला पुढे आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हटलं गेलं. न्यूयॉर्कमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. तो २०१८ मध्ये हलवला गेला. पुतळा गेला, पण कृष्णवर्णीय माणसाला वेदना कमी जाणवते ही समजूत गेली का? २०१६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना काही विधानं दिली. कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते, हे त्यांतलंच एक. निम्म्याच्या आसपास जणांनी अशा चुकीच्या विधानांपैकी किमान एक तरी खरं मानलं. आणि ज्यांनी मानलं, त्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाची वेदना कमी लेखली. जिथे हाडाचं दुखणं कमी लेखलं जातं, तिथे मनाच्या दुखण्याचं काय होत असेल?

मुक्तीनंतरचं घरकाम

१८६५ मध्ये अमेरिकेत गुलामगिरी संपली. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं, तेव्हा ते अमेरिकेतल्या ज्या भल्या लोकांनी गुलामांना दास्यातून सोडवलं, त्यांना अर्पण केलं. जोतीरावांनी हजारो मैलांवरून त्या मुक्तीचं मोल ओळखलं होतं. मात्र मुक्त झालेल्या माणसांची मनं सावरण्यासाठी त्या देशानं काय उभं केलं? १८७० मध्ये व्हर्जिनियानं कृष्णवर्णीयांसाठी वेगळं वेड्यांचं इस्पितळ काढलं. मेरीलँडमध्ये १९११ साली क्राउन्सव्हिलचं इस्पितळ निघालं. तिथल्या पहिल्या रुग्णांकडूनच त्या इमारतीचं बांधकाम करून घेतलं गेलं. पुढे तिथे रुग्णांची खेचाखेच झाली. हेन्रिएटा लॅक्स हे नाव अनेकांनी ऐकलं असेल. तिच्या पेशींवर जगभर संशोधन झालं. तिची लेक एल्सी याच क्राउन्सव्हिलमध्ये होती आणि १९५५ मध्ये, पंधराव्या वर्षी, तिथेच वारली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मनोविकारांवरच्या अमेरिकन नियतकालिकांत लिहिलं जात होतं, की या वंशात खिन्नता क्वचितच आढळते. खिन्नतेसाठी मन प्रगल्भ असावं लागतं, असा त्यामागचा समज. नैराश्य हा जणू गोऱ्यांनी राखून ठेवलेला आजार होता.

मग ही खिन्नता बोलली कुठे जात होती? चर्चमध्ये, आणि ब्लूजच्या गाण्यांमध्ये. १९२० मध्ये मेमी स्मिथची ब्लूजची तबकडी निघाली आणि तुफान खपली. मागोमाग मा रेनी आणि बेसी स्मिथ आल्या. सोडून गेलेला नवरा, मारझोड, दारू, एकटेपण, हे सगळं बायका गात होत्या आणि बायका ऐकत होत्या. आपल्याकडे जात्यावरच्या ओवीत जे मोकळं व्हायचं, तसंच काहीसं. दवाखान्याच्या कागदावर मात्र त्याची नोंद नव्हती.

दिवस जायचा दुसऱ्यांच्या घरात. शिकलेल्या थोड्या जणी शिक्षिका झाल्या. बाकी असंख्य जणींपुढे शेतमजुरी किंवा गोऱ्यांच्या घरची धुणीभांडी, स्वयंपाक आणि मुलं सांभाळणं एवढेच पर्याय होते. १९३५ मध्ये एला बेकर आणि मार्व्हेल कुक या दोघींनी 'द क्रायसिस' मासिकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातली हकिगत लिहिली. सकाळी बायका रस्त्याच्या कोपऱ्यावर उभ्या राहायच्या, आणि गोऱ्या गृहिणी येऊन तासांच्या हिशेबानं, भाव पाडून, त्यांना कामाला न्यायच्या. याच वर्षी अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला. म्हातारपणी पेन्शन, बेकारीत मदत. पण शेतमजूर आणि घरकामगार यांना त्यातून वगळलं गेलं. कायद्यात वंशाचा उल्लेख नव्हता, तरी कोण वगळलं गेलं हे सगळ्यांना कळत होतं. घरकामगारांना किमान वेतनाचा कायदा लागू व्हायला १९७४ उजाडलं.

हे नैराश्याच्या गोष्टीत का सांगतोय? कारण मनाचं आरोग्य महिनाअखेरच्या पैशांशी बांधलेलं असतं. भाडं कसं भरू, लेकराला बरं नसताना कामावर खाडा कसा करू, म्हातारपणी काय, ही काळजी एक दिवसाची नव्हे, आयुष्यभराची असते. गृहकर्जाच्या धोरणांनी कृष्णवर्णीय वस्त्या लाल रेघेनं वेगळ्या काढल्या, त्यामुळे घर घेऊन चार पैसे गाठीला बांधण्याची वाटही बंद झाली. एका पिढीकडून दुसरीकडे जाणारी पुंजी जवळपास नव्हतीच. गेली ती काळजी.

उपचाराची एक ज्योत मात्र या काळात लागली. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, सेंट फिलिप्स चर्चच्या आवारातल्या तळघरात, लाफार्ग क्लिनिक सुरू झालं. मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम आणि लेखक रिचर्ड राइट यांचा त्यात पुढाकार होता. फी होती २५ सेंट. ती नसेल तरी चालायचं. त्याच वर्षी मेमी फिप्स क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ बाईंनी पती केनेथ यांच्यासह हार्लेममध्येच मुलांसाठी नॉर्थसाइड केंद्र काढलं. वंशभेदानं मूल आतून कसं खचतं, हे या जोडप्यानं गोऱ्या-काळ्या बाहुल्यांच्या प्रयोगांतून दाखवलं होतं. लाफार्ग क्लिनिक १९५८ मध्ये बंद पडलं. सरकारी पैसा मिळाला असता, तर कदाचित अशी तळघरं गावोगाव निघाली असती.

चालणाऱ्या बायका

पुन्हा माँटगोमेरी. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा सोडायला नकार दिला आणि त्यांना अटक झाली. त्यानंतर ३८१ दिवस शहरातल्या कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला. त्या बसमधून रोज जाणाऱ्यांत घरकामाला जाणाऱ्या स्त्रियांची संख्या मोठी होती. त्या वर्षभर मैलोन्‌मैल चालल्या, किंवा ओळखीच्या गाड्यांतून गेल्या. हा विजय आपण पुस्तकांत वाचतो. पार्क्सबाईंचं पुढे काय झालं, हे सहसा वाचत नाही. शिवणकामाची नोकरी गेली. नवऱ्याचीही गेली. फोनवर जिवे मारण्याच्या धमक्या येत राहिल्या. पोटात अल्सर झाला. १९५७ मध्ये त्यांना माँटगोमेरी सोडून डेट्रॉइटला जावं लागलं, आणि तिथेही कितीतरी वर्षं ओढगस्तीची गेली. जग त्यांना धैर्याची मूर्ती म्हणत होतं. मूर्तीला तब्येत विचारायची पद्धत नसते.

मिसिसिपीच्या फॅनी लू हेमर यांचंही तेच. १९६१ मध्ये त्या एक लहानशी गाठ काढून घ्यायला इस्पितळात गेल्या. डॉक्टरनं त्यांना न सांगता गर्भाशयच काढून टाकलं. हे त्या भागात इतकं सर्रास चालायचं, की त्याला 'मिसिसिपी अपेंडेक्टॉमी' असं नाव पडलं होतं. १९६३ मध्ये तुरुंगात त्यांना इतकं मारलं, की मूत्रपिंडाला आणि डोळ्याला कायमची इजा झाली. तरी त्या मतदानाच्या हक्कासाठी देशभर बोलत राहिल्या. १९७७ मध्ये, ५९ व्या वर्षी त्या गेल्या.

आणि १९७३ मध्ये पुन्हा माँटगोमेरी. १४ आणि १२ वर्षांच्या दोन गरीब बहिणींवर सरकारी पैशांवर चालणाऱ्या केंद्रानं नसबंदीची शस्त्रक्रिया करवली. आईला वाचता येत नव्हतं. तिनं कागदावर फुली मारली होती. खटला उभा राहिला. केंद्र सरकारच्या पैशांतून दरवर्षी लाखभर ते दीड लाख गरिबांची नसबंदी होत असल्याचा अंदाज न्यायालयानं नोंदवला, आणि अखेर संमतीचे कडक नियम आले. आता सांगा, अशा गावातली बाई मन थाऱ्यावर नाही म्हणून सरकारी दवाखान्याची पायरी चढेल का? दवाखान्यावरचा अविश्वास हा अडाणीपणा नव्हता, अनुभव होता.

'खंबीर बाई'चा साचा

याच काळात एक सरकारी अहवाल गाजला. १९६५ साली डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी कृष्णवर्णीय कुटुंबावर लिहिलेला. बेकारी आणि वंशभेदाची चर्चा त्यात होती, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते वेगळंच. या कुटुंबांत बायकांचं वर्चस्व आहे आणि त्यामुळे घरं मोडतात, असा सूर त्यातून उचलला गेला. म्हणजे जी बाई दोन नोकऱ्या करून घर चालवत होती, तिच्यावरच घर मोडल्याचं बालंट!

समाजाच्या आतही एक साचा तयार झाला होता. कृष्णवर्णीय बाई म्हणजे खंबीर बाई. ती रडत नाही, ती मोडत नाही, ती सगळ्यांचं करते. हा साचा अभिमानाचा होता, कारण त्यानं अपमानाला उत्तर दिलं. पण त्यात दम घुसमटत होता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मिशेल वॉलेस या तरुण लेखिकेनं या 'सुपरवुमन' कल्पनेवर पुस्तक लिहून टीका केली. तिच्यावर तिच्याच समाजातून बरीच आगपाखड झाली. २०१० मध्ये शेरिल वुड्स-गिस्कोम्बे या परिचारिका-संशोधक बाईंनी स्त्रियांशी बोलून या साच्याची अंगं मांडली. खंबीर दिसायलाच हवं, भावना दाबायच्या, कुणाची मदत घ्यायची नाही, साधनं नसली तरी यशस्वी व्हायचं, आणि स्वतःआधी दुसऱ्याचं बघायचं. बायकांनी तिला सांगितलं, की याचा फायदा झाला, कुटुंब तगलं. किंमतही सांगितली. झोप गेली, खाणं बिघडलं, शरीर थकलं.

इथे आपल्या कोड्याचं अर्धं उत्तर मिळतं. नैराश्य म्हटलं की डोळ्यांपुढे रडवेला चेहरा येतो. पण अनेक कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये ते चिडचिड, निद्रानाश, स्वतःलाच दोष देणं, अंगदुखी, असल्या रूपांत समोर येतं, असं अलीकडचे अभ्यास सांगतात. प्रश्नावलीत "उदास वाटतं का?" असं विचारलं, तर ती म्हणेल, "नाही, दमलेय फक्त." आणि चिडचिड दिसली, तर समोरचा तिला आजारी म्हणण्याऐवजी तापट म्हणून मोकळा होतो.

उरलेल्या अर्ध्या उत्तरातला काही भाग चांगलाही आहे. चर्च, मावश्या, आज्या, शेजारणी, यांचं दाट जाळं या समाजात आहे, आणि ते काही जणींना खरोखरच वाचवतं. पण तेच जाळं कधी म्हणतं, "प्रार्थना कर, होईल ठीक." प्रार्थनेनं धीर येतो. आजार जुना झाला, की नुसत्या धीरानं भागत नाही.

झिजणारं शरीर

आता शरीराकडे वळू, कारण इथे मन आणि शरीर वेगळं काढताच येत नाही. १९९२ मध्ये आर्लीन जेरोनिमस या संशोधक बाईंनी एक निरीक्षण मांडलं. गोऱ्या स्त्रियांमध्ये विशीत झालेली बाळं किशोरवयीन आयांच्या बाळांपेक्षा जास्त सुदृढ असतात. कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये तसं दिसत नव्हतं. वय वाढेल तसा बाळाचा धोका विशीतच वाढत होता. जेरोनिमस म्हणाल्या, सततच्या ताणानं या स्त्रियांची शरीरं अकाली जुनी होत आहेत. त्यांनी शब्द वापरला 'वेदरिंग'. ऊनपावसानं दगड झिजतो, ती झीज. गंमत अशी, की इंग्रजीत याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे वादळात तग धरणं. तग धरणं आणि झिजणं, एकाच शब्दात.

ही झीज आकड्यांत दिसते. प्रौढ कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींना उच्च रक्तदाब आहे. मधुमेह आणि ल्यूपस यांचं प्रमाण गोऱ्या स्त्रियांपेक्षा जास्त. गर्भाशयातल्या गाठी कमी वयात होतात आणि जास्त त्रास देतात. रक्तस्राव, अशक्तपणा, वेदना. जुनाट आजार नैराश्य वाढवतो, आणि नैराश्य आलं की गोळ्या वेळेवर घेणं, चालणं, नीट खाणं सुटतं. मग आजार वाढतो. हे चक्र आहे.

बाळंतपणात तर जिवावरच बेततं. २०२१ मध्ये अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे २६.६ गोऱ्या मातांचा मृत्यू झाला. कृष्णवर्णीय मातांमध्ये हा आकडा होता ६९.९. केवळ गरिबीनं हे स्पष्ट होत नाही, कारण शिकलेल्या, सुस्थितीतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांमध्येही ही दरी राहते. सेरेना विल्यम्स २०१७ मध्ये बाळंत झाली. रक्ताच्या गुठळ्यांचा तिचा पूर्वेतिहास होता. धाप लागल्यावर काय झालंय हे तिनं स्वतः ओळखलं, आणि तपासणी व्हावी म्हणून तिला आग्रह धरावा लागला. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या खेळाडूला हे करावं लागलं. ज्या घरात बाळंतपणाची अशी धास्ती असते, तिथे बाळंतपणानंतरच्या नैराश्याला सुपीक जमीन मिळते.

शिवाय रोजचे बारीक ओरखडे आहेत. १९९७ मध्ये डेव्हिड विल्यम्स यांनीच ते मोजण्याची एक सोपी प्रश्नावली केली. लोक तुमच्याशी कमी अदबीनं वागतात का? दुकानात तुम्हाला हलकी सेवा मिळते का? तुम्ही हुशार नाही असं धरून चालतात का? तुमची भीती वाटल्यासारखं करतात का? यातला एखादा प्रसंग कुणालाही किरकोळ वाटेल. पण हे आठवड्यात चार वेळा, वर्षानुवर्षं झालं, तर नैराश्याची शक्यता वाढते, हे या प्रश्नावलीवर झालेल्या अनेक अभ्यासांतून दिसलं आहे.

बोलायला जागा

मग सुटका कुठून सुरू झाली? बोलण्यातून. बिली एव्हरी या कार्यकर्त्या बाईंचा तरुण नवरा १९७० मध्ये हृदयविकारानं अचानक गेला. त्या आरोग्याच्या कामाकडे वळल्या. जून १९८३ मध्ये त्यांनी अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजात कृष्णवर्णीय स्त्रियांच्या आरोग्यावर पहिली राष्ट्रीय परिषद भरवली. अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त बायका आल्या. तिथे लिली ॲलन यांनी घेतलेल्या एका सत्रात बायका कृष्णवर्णीय स्त्री म्हणून जगताना काय वाटतं ते बोलू लागल्या, आणि खोली ओसंडून वाहिली. त्यातून स्वमदत-गट निघाले. दहा-बारा जणी वर्तुळात बसायच्या आणि एकेक जण स्वतःबद्दल खरं सांगायची, एवढंच. आज ही साधी गोष्ट वाटेल. ज्यांना आजवर कुणी "तुला काय होतंय?" असं विचारलंच नव्हतं, त्यांच्यासाठी ती साधी नव्हती.

१९९८ मध्ये घानात जन्मलेल्या मेरी नाना-आमा दानक्वा यांनी 'विलो वीप फॉर मी' हे स्वतःच्या नैराश्याचं कथन प्रसिद्ध केलं. कृष्णवर्णीय स्त्रीनं या आजाराचं नाव घेऊन असं उघड लिहिणं तेव्हा दुर्मीळ होतं. लॉस एंजेलिसमध्ये कादंबरीकार बेबी मूर कँपबेल यांनी मानसिक आजार असलेल्यांच्या कुटुंबांसाठी काम उभं केलं. त्या २००६ मध्ये गेल्या. २००८ पासून जुलै महिना त्यांच्या नावानं अल्पसंख्याकांच्या मानसिक आरोग्याचा महिना म्हणून पाळला जातो.

नैराश्यावर औषधं आहेत, समुपदेशन आहे, आणि त्यांचा उपयोग होतो. तो कृष्णवर्णीय स्त्रियांनाही होतो. अडचण आजही आहे ती दारापर्यंत पोहोचण्याची. विमा, वेळ, पैसा, आणि समोर बसलेला माणूस आपलं ऐकेल हा भरवसा.

आता सुरुवातीच्या कोड्याकडे परत येऊ. आजार कमी का दिसला आणि टिकला का जास्त? काही प्रमाणात नात्यांच्या आणि श्रद्धेच्या आधारानं तो टळला. काही प्रमाणात तो वेगळ्या रूपात आला आणि मोजला गेला नाही. आणि ज्यांना झाला, त्यांनी तो अंगावर काढला, कारण अडीच-तीनशे वर्षं त्यांना दुसरा मार्गच ठेवला गेला नव्हता. त्यांच्या खंबीरपणाचं कौतुक जरूर करावं. पण ते करताना त्यांना खंबीर राहणं भाग कुणी पाडलं, हेही विचारावं.

माँटगोमेरीत २०२१ मध्ये मिशेल ब्राउडर या कलावंत बाईंनी तीन भव्य पुतळे उभारले. भंगारातल्या लोखंडाचे, टाकून दिलेल्या धातूच्या वस्तू जोडून केलेले. पुतळे आहेत अनार्का, बेट्सी आणि ल्यूसी यांचे. ज्या शहरात त्यांच्या वेदनेला कुणी विचारलं नाही, तिथे आज लोक थांबतात, मान वर करतात आणि त्यांची नावं वाचतात.

आणि मंडळी, तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, हैदराबादला की बेळगावला, आपल्या घरातल्या एखाद्या सोशिक बाईला आज एवढंच विचारा, "तुला कसं वाटतंय?" आणि ती "काही नाही, दमलेय फक्त" म्हणाली, तर लगेच उठू नका. थोडा वेळ बसा.